हप्ता भरला, मग मुद्दल का उतरत नाही?

(दृश्य: हिंगणघाट, बाजार समितीचं आवार. कापसाच्या गाड्यांची रांग.)

निवेदन: कापसाचे पैसे हाती पडतात न पडतात, तोच ट्रॅक्टरच्या हप्त्याची तारीख येते. दोन-तीन हप्ते भरलेला शेतकरी बँकेत हमखास विचारतो, "सायेब, एवढे पैसे भरले, मंग मुद्दल काऊन नाही उतरलं?"

उत्तर परतफेडीच्या तक्त्यात आहे. बँकवाले त्याला अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात.

(दृश्य: तक्त्याच्या ओळींवरून सरकणारं बोट.)

समजा, कर्ज पाच लाखांचं, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहामाही. दर वेळी भरायचे ६७,९३४ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३०,००० व्याजातच जातात, मुद्दल उतरतं ३७,९३४ नं. पुढचं व्याज उरलेल्या ४,६२,०६६ रुपयांवर, म्हणून ते २७,७२४ होतं. दहाव्या हप्त्यात व्याज उरतं जेमतेम ३,८४५. यात लबाडी नाही. सुरुवातीला देणंच मोठं, म्हणून व्याजही मोठं. सहामाहीतला एक हप्ता जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर आला, तर ते दुखणं वेगळंच.

तुरीचे चार पैसे जास्त आले, तर ते लवकर भरण्यातच फायदा. दुसऱ्या हप्त्यानंतर ५०,००० मुद्दलात जमा केले, की पुढच्या सहामाहीचं व्याज ३,००० रुपयांनी घटतं. मात्र 'मुद्दलात जमा करा' असं लेखी द्या आणि मुदतीआधी भरण्याचं शुल्क लागतं का, तेही विचारून घ्या.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं ट्रॅक्टरचं शोरूम.)

खरी मेख आहे 'फ्लॅट रेट'मध्ये. इथंही आकडा १२ टक्केच सांगतात, पण व्याज लागतं पाचही वर्षं मूळ पाच लाखांवर. वर्षाला ६०,०००, म्हणजे एकूण तीन लाख! उतरत्या मुद्दलावर हेच व्याज होतं १,७९,३४०. दर तोच, आणि खिशातून जास्तीचे एक लाख वीस हजार गेले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (रिटेल, म्हणजे वैयक्तिक ग्राहकांच्या) आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं एक माहितीपत्रक सक्तीचं केलंय. सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर आणि हप्त्याहप्त्याचा तक्ता, दोन्ही त्यात हवेत, तेही कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत. ट्रॅक्टरचं कर्ज काढताना सही करण्याआधी हा कागद मागून घ्या.