आधी पंचांग, मग लेन्स

मंडळी, 'ठाणे खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढायला कोणती लेन्स नेऊ?' हा प्रश्न मला नेहमी येतो. मी उलट विचारतो, आज तिथी कोणती?

मुंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला अमावास्येला बाराच्या सुमारास. साधारण सहा तासांनी ओहोटी. ठाणे खाडीत आत शिरावं तसं पाणी थोडं मागे राहतं, तेवढं धरून चालायचं.

याचा फोटोशी संबंध काय? रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातात. पण ते तेव्हा खूप लांब असतात. दहानंतर चिखल तापतो, हवा थरथरते, आणि मग सहाशे मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्सही मऊ, म्हणजे धूसर फोटो देते. पाणी चढू लागलं की चिखलाचा पट्टा अरुंद होतो आणि पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. त्यांच्या मागे जावंच लागत नाही. मला हवा असतो तो हा तास-दीड तास.

त्यात उजेड जुळवा. ऐरोली खाडीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीशी. पुनवेच्या आसपास पहाटे ओहोटी, आठ-नऊला पाणी चढतं, ऐरोलीला जा. शिवडी पश्चिम काठावर, तिथं संध्याकाळ बरी. दशमीला भरती साडेसातच्या सुमारास, म्हणून साडेचारला उभं राहायचं. अष्टमीला भांगाचं पाणी. ते ना फार उतरतं ना फार चढतं, त्या दिवशी मी सरळ निवटीकडे वळतो.

निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. सावली पडली की बिळात जाते. हलू नका, पुन्हा वर येते. कॅमेरा चिखलाला टेकवून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा; उभं राहून काढलेला फोटो बाजारातल्या मासळीसारखा दिसतो.

तांत्रिक दोनच गोष्टी. काळा चिखल पाहून कॅमेरा चित्र उजळ करतो आणि गुलाबी पिसं पांढरीफटक होतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप, दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा. आणि बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट वर चढते.

'खाडीवर ड्रोन उडवू का?' अशी चिठ्ठी आली आहे. २०१५ पासून ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. परवानगी असती तरी मी उडवला नसता. डोक्यावर काही घोंघावलं की आधी माना ताठ होतात, मग सगळा थवा एका दिशेनं चालू लागतो आणि शेवटी धावत उडतो. बोटीतही तेच. माना वर झाल्या की बोटवाल्या दादांना इंजिन बंद करायला सांगा.