आधी नाला, मग गाळ, मग काठ

श्रोतेहो, नमस्कार.

लहान शहरातल्या तळ्याचा काठ सुधारायला घेतला, की आधी डोळ्यांत काय भरतं? नवी फरशी, कठडा, दिव्यांचे खांब. उद्घाटन होतं, संध्याकाळी माणसं फिरायला येऊ लागतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात वारा फिरला, की त्याच फरशीवरून नाकाला रुमाल लावून परत जातात. म्हणून आज काठाबद्दल बोलताना मी बराच वेळ पाण्याबद्दलच बोलणार आहे. क्रम तेवढा लक्षात ठेवा. आधी नाला, मग गाळ, मग काठ.

मला फार आवडणारी एक हकीकत सांगतो. स्वीडनच्या दक्षिण भागात वेक्शो नावाचं शहर आहे. शहराला लागून ट्रुम्मेन नावाचं तळं. आकार साधारण एक चौरस किलोमीटर, आणि खोली सरासरी जेमतेम एक मीटर. काठावर 1900 साली बांधलेला टेलेबोर्गचा किल्लेवजा वाडा. जागा देखणी, पण शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं ह्याच तळ्यात उतरत होतं. उन्हाळ्यात शेवाळाने पाणी दाट हिरवं व्हायचं. हिवाळ्यात वर बर्फ धरला, की खालचा प्राणवायू संपायचा आणि मासे मरायचे.

1958 साली सांडपाणी तळ्यात सोडणं बंद झालं. आता तळं आपोआप निवळेल, असं कुणालाही वाटेल. वर्षं जात राहिली, दहा वर्षं उलटली. पाणी हिरवं ते हिरवंच.

मग लुंड विद्यापीठाचे स्वेन ब्योर्क आणि त्यांचे सहकारी तळाशी काय आहे ते बघायला लागले. तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला, की सगळा इतिहास थराथरांनी समोर येतो. खाली तपकिरी गाळ, हजारो वर्षं सावकाश साचलेला. आणि त्याच्यावर काळा गाळ, सांडपाण्याच्या काही दशकांतला. ह्या काळ्या थरात फॉस्फरस ठासून भरलेला होता. फॉस्फरस म्हणजे शेतकऱ्यांचं स्फुरद, शेवाळाचं आवडतं खाद्य. नाला बंद झाला तरी हा थर खालून शेवाळाला पोसतच होता. दुखणं आता नाल्यात नव्हतं, तळाशी होतं. पुन्हा सांगतो, तळाशी होतं.

मग त्यांनी तो थर काढायचं ठरवलं. 1970 साली अर्धा मीटर गाळ उपसला आणि 1971 साली आणखी अर्धा मीटर. उपसला म्हणजे पंपाने ओढून घेतला. त्यासाठी नळीचं तोंड मुद्दाम वेगळं बनवलं होतं, कारण गाळ ढवळला गेला तर त्यातला फॉस्फरस पुन्हा पाण्यातच मिसळणार. ओढलेला पातळ गाळ काठाजवळ बांध घातलेल्या खाचरांत निवळायला सोडला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. इथेही तुरटीच्याच कुळातलं अॅल्युमिनियम सल्फेट वापरलं, फॉस्फरस खाली बसवला आणि मगच ते पाणी तळ्यात परत सोडलं. सुकलेला गाळ बागांसाठी माती म्हणून विकला गेला. मला ह्या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, की एका जागेची घाण उचलून दुसऱ्या जागेच्या माथी मारली नाही.

आणि गुण आला का? पाण्याचा स्वच्छपणा मोजायची एक साधी रीत आहे. ताटलीएवढी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची, आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. सेक्की चकती म्हणतात तिला. ट्रुम्मेनमध्ये गाळ काढण्याआधी ती 23 सेंटिमीटरवर गडप होत होती. नंतर ती 75 सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली. ऐकायला आकडा लहान आहे, पण मीटर-दोन मीटर खोलीच्या तळ्यात तो फार मोठा आहे. आज त्या तळ्याच्या शेजारी विद्यापीठ नांदतं आहे.

प्रत्येक तळ्याला उपसा लागतोच असं मात्र नाही. अमेरिकेत सिअॅटलचं लेक वॉशिंग्टन खोल आहे, त्यात पाण्याची ये-जाही चांगली आहे. तिथे 1963 ते 1968 ह्या काळात सांडपाणी वळवलं आणि तळं थोड्याच वर्षांत निवळलं. लहान शहरांची तळी बहुधा उथळ असतात. वारा आला की तळापर्यंत ढवळून निघतात. त्यांच्या बाबतीत गाळाची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

ओघात आलंच आहे तर कारंज्यांबद्दलही बोलतो. पाण्याच्या मधोमध रंगीत कारंजं उडवलं म्हणजे तळं जिवंत झालं, असं लोकांना वाटतं. ते कारंजं वरचं पाणी उडवतं, तळाच्या काळ्या थराला त्याचा धक्काही लागत नाही. आणि बाकं! बाकाला पाठ हवी, हात टेकायला जागा हवी आणि त्याचं तोंड पाण्याकडे हवं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. सिमेंटचा उघडा ओटा बांधून त्याला बाक म्हणू नये. काठावर सावलीही झाडाची हवी. पत्र्याखाली दुपारी कुणी बसत नाही.

तर आपल्या तळ्याचं काम कुठवर आलं, हे नगरपालिकेला विचारताना फरशी किती झाली एवढंच विचारून थांबू नका. अजून किती नाले तळ्यात उतरतात, ते विचारा. पावसाळ्यात गटारं भरून वाहतात तेव्हा ते पाणी कुठे जातं, ते विचारा. गाळाचा नमुना काढला का, कुठून काढला, त्यात फॉस्फरस किती निघाला, ते विचारा. गाळ काढणार असतील तर तो नेऊन टाकणार कुठे, हे ठेका देण्याआधी विचारा. आणि दर महिन्याला, त्याच जागी, चकती किती खोलीपर्यंत दिसते, तो आकडा काठावरच्या फलकावर लिहायला लावा. चकती, दोरी आणि एक होडी, एवढ्यावर हे काम होतं. शाळेतली मुलंसुद्धा शिक्षकांबरोबर ते करू शकतील.

नमस्कार.