खिळ्यांची हजेरी

(दृश्य: टेबलावर जुना एरिका टाइपरायटर. एक बोट कळ दाबतं.)

खट्. आता नीट बघा. हा रोमन 'ई' ओळीपेक्षा केसभर वर बसलाय आणि त्याचं पोट शाईनं बुजलंय. ही एरिका पूर्व जर्मनीची, ड्रेस्डेनमध्ये बनलेली. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन मशिनीही वापरून वापरून वेगवेगळ्या उमटायला लागतात. एखादा खिळा, म्हणजे अक्षराचा धातूचा ठसा, झिजतो, एखादा तिरका होतो. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना हे सांगायला नको.

(दृश्य: शिक्का मारलेला सरकारी कागद.)

रोमानियात निकोलाए चाउशेस्कूच्या सरकारनं ही झीजच कामाला लावली. २८ मार्च १९८३, हुकूम क्रमांक ९८. घरात टाइपरायटर ठेवायचा तर मिलिशियाची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, परवानगी. शिक्षा झालेल्याला ती नाही. ज्याच्यापासून सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, त्यालाही नाही. धोका कुणापासून, हे ठरवणारे अर्थात तेच.

(दृश्य: अक्षरांनी भरलेला कागद, अगदी जवळून.)

परवानगी मिळाली तरी सुटका नाही. मशिनीचे सगळे खिळे एका कागदावर उमटवून द्यायचे. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, रोमानियन 'एस'खालची ती इवलीशी शेपटीसुद्धा. कागद पोलिसांच्या फायलीत. वर्ष पालटलं की नवा नमुना, कारण खिळे झिजतच राहतात. दुरुस्ती केली, पुन्हा नमुना. मशीन भाड्यानं द्यायची नाही, उसनी तर नाहीच. मग कुठं सरकारविरोधी निनावी पत्रक सापडलं, की ते आणि फायलीतला कागद भिंगाखाली शेजारी शेजारी. कुणाचा 'ई' केसभर वर बसतो?

(दृश्य: कृष्णधवल फोटो.)

गेओर्गे उर्सू, बुखारेस्टचे इंजिनिअर आणि कवी. त्यांना टाइपरायटर नाही, सरकारवर टीका असलेल्या रोजनिशीच्या वह्या भोवल्या. ऑफिसातूनच त्या पोलिसांपर्यंत पोचल्या. अटकेला कारण दाखवलं घरातल्या परकीय नोटांचं. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोठडीतल्या मारहाणीनंतर ते गेले.

डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची सत्ता उलथली, हा हुकूमही रद्द झाला.

(दृश्य: पुन्हा एरिका. कोरा कागद चढतो. टाइप होत होत ओळ संपते, घंटी वाजते. निवेदन नाही.)