भिंतीवरचा फोटो आणि खांबावरचा फोटो

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सामूहिक शोक आणि प्रसारमाध्यमं : बेपत्ता मुलांच्या निमित्ताने’. विषय भारदस्त आहे आणि मी त्याच्याकडे येणार आहे. पण सुरुवात फोटोपासून करू द्या. मूल सापडत नाही म्हटलं की पोलीस आधी फोटो मागतात, आणि घरचे लोक हमखास चुकीचा देतात.

चुकीचा म्हणजे वाढदिवसाचा. डोक्यावर चकचकीत टोपी, केस चापूनचोपून बसवलेले, अंगात वर्षातून एकदा निघणारे कपडे. त्यात मूल गोड दिसतं, फक्त स्वतःसारखं दिसत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ज्याला ओळखायचंय ते मूल विस्कटलेल्या केसांचं, मळलेलं, कदाचित रडून चेहरा सुजलेलं असणार. मी याला भिंतीवरचा फोटो आणि खांबावरचा फोटो म्हणतो. भिंतीवर कोणाचा फोटो लावतात आणि त्याला काय घालतात, ते तुम्हाला सांगायला नको. आईवडिलांना मूल सुंदर दिसायला हवं असतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण पोलिसांना, आणि विशेषतः वृत्तवाहिन्यांना, तोच गोड फोटो आवडतो, तिथे माझी तक्रार सुरू होते.

खांबावरचा फोटो कसा असावा? अलीकडचा, साधारण सहा महिन्यांच्या आतला. अगदी लहान मूल असेल तर त्याहूनही ताजा, कारण त्या वयात चेहरा भराभर बदलतो. एकट्याचा, समोरून, दोन्ही कान दिसतील असा. गॉगल नको, टोपी नको, मोबाइलचा फिल्टर तर अजिबात नको. मोबाइल आपणहून त्वचा गुळगुळीत करतो आणि गालावरचा व्रण पुसून टाकतो. नेमका तोच व्रण बघून एखाद्याने ओळखलं असतं! शक्य असेल तर दात दिसू देत. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात रोज बातमी बदलतात, तेव्हा फोटोनंतर एखादा पडला असेल तर तसं खाली लिहायचं. आणि दुसरा फोटो पूर्ण उंचीचा, रोजच्या कपड्यांतला. लांबून माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, उभं राहण्याच्या ढबीवरून येतो.

ऑगस्ट 2002 मध्ये इंग्लंडमधल्या सोहम गावातून दहा वर्षांच्या दोन मुली नाहीशा झाल्या. त्यांचा जो फोटो जगभर गेला, तो त्याच संध्याकाळी, त्या घराबाहेर पडण्याच्या थोडंच आधी काढलेला होता. अंगावर फुटबॉल संघाचे लाल शर्ट, तेच घालून त्या गेल्या. शोधासाठी याहून चांगला फोटो मिळणं अवघड. मुली वाचल्या नाहीत, पण त्यात उणं फोटोचं नव्हतं.

आता पत्रक. निम्मी जागा फोटोला. वर एकच शब्द, लांबून वाचता येईल असा. वय, आणि उंची सेंटिमीटरमध्ये तर लिहाच, पण ‘मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी’ असंही लिहा. रस्त्यावर कोणी टेप घेऊन उभं नसतं. कपड्यांच्या वर्णनात चप्पल-बूट विसरू नका. शर्ट चटकन बदलता येतो, त्या मापाचे बूट चटकन मिळत नाहीत. शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसलं. फोन नंबर पोलिसांचा, घरचा नाही. घरचा नंबर छापला की पहिल्या दिवशी धीर देणारे फोन येतात आणि दुसऱ्या दिवशी पैसे मागणारे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पत्रक काढल्याची तारीख, ठळक. तारीख नसलेलं पत्रक व्हॉट्सॲपवर अमर होतं. मूल चार तासांत शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडतं, पुढे कॉलेजला जातं, आणि त्याचा सहा वर्षांचा चेहरा ‘कृपया पुढे पाठवा’ म्हणत फिरतच राहतो. हसताय तुम्ही, पण त्या गर्दीत खरं, आजचं पत्रक बुडतं. म्हणून स्क्रीनशॉट नको, पोलिसांच्या मूळ पोस्टची लिंक पाठवा. मूल सापडलं की तिथे ‘सापडलं’ लिहिता येतं किंवा ती काढून टाकता येते, आणि तुमची लिंकही आपोआप थंड होते.

शेजाऱ्यांची गच्ची म्हणालो, त्यावरून आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घर तपासून झालं असं घरचे सांगतात, म्हणजे त्यांनी खोल्यांमधून हाका मारलेल्या असतात. पलंगाखाली, कपड्यांच्या ढिगात, कपाटात, वॉशिंग मशीनमध्ये, गाडीच्या डिकीत, टाकीत, हे सगळं हाताने उघडून आणि हात घालून बघायचं असतं. झोपलेलं किंवा घाबरलेलं मूल हाकेला ओ देत नाही. स्वमग्न मूल असेल तर आधी पाणी बघायचं, म्हणजे तळं, विहीर, नाला. अशी मुलं घराबाहेर पडून दगावली तर त्यात बुडून जाणारी सर्वाधिक असतात. मात्र मुलाची खोली आवरायची नाही. कंगवा, दात घासायचा ब्रश, न धुतलेला शर्ट तसाच राहू दे. डीएनए तिथून मिळतो आणि श्वानाला वास तिथून देता येतो.

आणि वेळ. ‘चोवीस तास थांबा’ हा जगभर पसरलेला गैरसमज आहे. अमेरिकेत तर 1990 पासून असं थांबायला लावायला कायद्यानेच बंदी आहे. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने पळवून नेऊन मारलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास केला, त्याच्या 2006 च्या आवृत्तीत अशा मुलांपैकी 76 टक्के पहिल्या तीन तासांत मारली गेली असं दिसलं. नीट ऐका, पळवलेल्यांपैकी 76 टक्के नव्हे, मारल्या गेलेल्यांपैकी. हा आकडा टीव्हीवर नेहमी अर्धाच सांगतात.

आता दुधाचं पुडकं, माझा आवडता विषय. अमेरिकेत एके काळी दुधाच्या पुडक्यांवर बेपत्ता मुलांचे फोटो छापायचे. 25 मे 1979 ला न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसथांब्याकडे निघाला आणि परत आला नाही. 25 मे हा बेपत्ता मुलांचा दिवस पाळतात तो त्यामुळे. त्याचे वडील व्यावसायिक छायाचित्रकार होते. म्हणजे त्या घरात उत्तम फोटोंचा साठा होता, आणि तो चेहरा देशभर गेला. हे प्रकरण एवढं का गाजलं याची थोर थोर कारणं लोक सांगतात, मी म्हणतो त्यात निदान अर्धा वाटा कॅमेऱ्याचा. पुडक्यावर छापलेलं पहिलं मूल तोच, असंही सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. सुरुवात सप्टेंबर 1984 मध्ये आयोवातल्या एका डेअरीने केली, तिथल्या पेपर टाकणाऱ्या दोन मुलांसाठी. 1985 मध्ये ती देशभर पोचली.

कल्पना म्हणून उत्तमच, रोज सकाळी लाखो घरांच्या टेबलावर चेहरा. पण पुठ्ठ्यावर ढोबळ छपाईत चेहऱ्याचा शाईचा डाग होतो, दूध संपलं की पुडकं कचऱ्यात जातं, आणि काही आठवड्यांत डोळे सरावतात. सापडलेली मुलं मोजकीच. बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांनी तक्रार केली की न्याहारीला बसलेली मुलं घाबरतात. ती घाबरलीच! आईबापही घाबरले. दरवर्षी 50,000 मुलं अनोळखी लोक पळवतात, असा आकडा तेव्हा फिरत होता. डेन्व्हर पोस्ट या वृत्तपत्राने तो उलगडून दाखवला आणि 1986 चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळवलं. बहुतेक मुलं घरातून निघून गेलेली होती, किंवा ताब्यावरून भांडणाऱ्या आईबापांपैकी एकाने नेलेली होती. पुढे 1999 च्या राष्ट्रीय पाहणीत, ज्याला आपण मनात ‘पळवापळवी’ म्हणतो तशी प्रकरणं वर्षाला सुमारे 115 निघाली. एकशे पंधरा मुलं ही काही थोडी नव्हेत. पण भीती पन्नास हजारांची घातली होती.

एक छोटं विषयांतर. मराठीत छत्री हरवते आणि मूलही हरवतं. ‘पळाली’ आणि ‘पळवली’ यांत एका अक्षराचा फरक, पण पहिलीसाठी कुणी मेणबत्ती लावत नाही. ‘बेपत्ता’ हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द. पत्ता नाही एवढंच तो म्हणतो, पुढचं ठरवत नाही. बातमीत शक्यतो तोच वापरावा.

बरं, शोकाकडे वळू. ब्रुसेल्स, 20 ऑक्टोबर 1996. बेल्जियममध्ये मार्क द्युत्रू या माणसाने मुलींना पळवून तळघरात डांबलं होतं. डिसेंबर 1995 मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. मुलांचे आवाज ऐकू आले. सोबतचा कुलूपवाला म्हणाला, आवाज घरातूनच येतोय. पोलिसाने ठरवलं, बाहेर रस्त्यावरची मुलं असतील. तळघरात आठ वर्षांच्या दोन मुली जिवंत होत्या. पुढे त्या उपासमारीने गेल्या. ऑगस्ट 1996 मध्ये हे बाहेर आलं. दुसऱ्या दोन मुलींना ज्या तपासी न्यायाधीशामुळे सोडवता आलं, त्यालाच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणातून दूर केलं. का? पीडितांच्या मदतनिधीसाठी झालेल्या जेवणावळीला तो गेला होता आणि तिथे त्याने स्पॅगेटी खाल्ली. निःपक्षपातीपणा म्हणे शेवयांत अडकला. या निकालाचं नावच ‘स्पॅगेटी निकाल’ पडलं. कायद्याच्या दृष्टीने न्यायालय चुकलं असं मी म्हणणार नाही, पण लोकांना काय वाटलं ते बघा. कारखाने थांबले. लिएज शहरात अग्निशमन दलाचे जवान बंब घेऊन आले आणि त्यांनी न्यायालयाची इमारत धुऊन काढली, अक्षरशः पाण्याच्या फवाऱ्यांनी. आणि रविवारी सुमारे तीन लाख माणसं राजधानीत आली, हातात पांढरे फुगे, पांढरी फुलं...

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटं’. अध्यक्ष महाराज, यातली चार तरी द्या. मूळ मुद्दा अजून व्हायचाय.

तर झपाट्याने. बातमी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. चांगला फोटो, कॅमेऱ्यासमोर नीट बोलणारे पालक, आणि मुलाच्या जाण्यामागे अवघड वाटेल असं काही कारण नसणं. यातल्या एकाचाही मुलाला असलेल्या धोक्याशी संबंध नाही. बालगृहातून तिसऱ्यांदा निघून गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला धोका जास्त असतो, आणि तिच्याकडे हे तिन्ही नसतं. अमेरिकी पत्रकार ग्वेन आयफिल यांनी 2004 मध्ये यातल्या वर्णभेदाला ‘बेपत्ता गोरी स्त्री विकार’ असं नावच दिलं.

दुसरं. लक्ष मिळालं की ते वळतं. पोर्तुगालमधून 2007 मध्ये नाहीशा झालेल्या तीन वर्षांच्या ब्रिटिश मुलीच्या वेळी तिथल्या कायद्याने तपासाची गोपनीयता सक्तीची होती. पोलीस बोलेनात, आणि पानं तर रोज भरायची होती. ती पालकांवरच्या संशयाने भरली. मार्च 2008 मध्ये ब्रिटनमधल्या एक्स्प्रेस वृत्तपत्रगटाने पहिल्या पानावर माफी छापली आणि भरपाई म्हणून 5,50,000 पौंड भरले. न्यूज ऑफ द वर्ल्ड या ब्रिटिश वृत्तपत्राने तर 2002 मध्ये एका बेपत्ता मुलीच्या व्हॉइसमेलमध्येच शिरकाव केला होता. ते 2011 मध्ये उघड झालं आणि आठवड्याच्या आत ते वृत्तपत्र बंद झालं.

तिसरं, आणि माझं म्हणणं इथे आहे. मूल सापडायचं असताना फुलं आणि मेणबत्त्या आल्या की क्रियापद बदलतं. ‘ती हसरी आहे’ याचं ‘ती हसरी होती’ होतं, आणि भूतकाळातल्या मुलीला रस्त्यावर कोणी शोधत नाही. अमेरिकेत 1991 मध्ये पळवलेली अकरा वर्षांची मुलगी 2009 मध्ये जिवंत परतली. व्यवहारातलं नुकसानही बघा. जिथे मूल शेवटचं दिसलं तिथेच लोक फुलं ठेवतात, म्हणजे पावलांचे ठसे तुडवतात आणि श्वानाचा माग मोडतात. शोधायला आलेल्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, येण्याजाण्याची वेळ लिहून घ्या. सोहममध्ये गुन्हेगार हा शाळेचा शिपाई होता आणि टीव्हीला मुलाखती देत फिरत होता. शोक झाल्यावरचाही हिशेब सांगतो. 2012 च्या शाळेतल्या गोळीबारानंतर अमेरिकेतल्या न्यूटाउन या छोट्या गावात सुमारे 65,000 टेडी अस्वलं येऊन पडली. त्यांना गोदाम लागलं, माणसं लागली, वाटून उरलेल्या वस्तू जाळाव्या लागल्या.

मग ब्रुसेल्स का वेगळं? तिथे लोक मुलींसाठी रडायला आले तसेच सरकारकडे मागायलाही आले. 1998 मध्ये बेपत्ता मुलांसाठी ‘चाइल्ड फोकस’ हे केंद्र उभं राहिलं, पुढे तिथली पोलीस दलं मोडून नव्याने बांधली गेली. शोकाला पत्ता होता, एवढंच म्हणतो. ॲम्बर अलर्टवरही, म्हणजे मूल पळवलं गेलं की लोकांना तातडीने दिल्या जाणाऱ्या जाहीर इशाऱ्यावरही, बोलायचं होतं. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ टिमोथी ग्रिफिन यांच्या अभ्यासात ते सर्वांत धोक्याच्या प्रकरणांत फारसं कामी येत नाही असं दिसतं, त्यावर प्रश्न विचारा.

बाहेर टेबलावर पत्रकाचा कोरा नमुना ठेवलाय. जाताना एकेक प्रत घ्या. तारखेची चौकट वर उजवीकडे आहे, आणि फोटोच्या चौकटीत आजच, घरी गेल्यावर, रोजच्या कपड्यातला एक फोटो चिकटवा. टोपी नको.