ॲडॉल्फ कीफर : पदकानंतरची ऐंशी वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

आज आठवण काढायची आहे शिकागोच्या ॲडॉल्फ कीफर यांची. पोहण्याचं सामान विकण्यात त्यांचं बहुतेक आयुष्य गेलं. त्याआधी उताणं पोहण्यात, म्हणजे बॅकस्ट्रोकमध्ये, त्यांच्या तोडीचं जगात कुणी नव्हतं. मे २०१७ मध्ये ते वारले, तेव्हा ९८ वर्षांचे होते.

आईवडील जर्मनीहून आलेले. लहानपणी ॲडॉल्फ एकदा कालव्यात पडले. नाकात पाणी जाऊ नये म्हणून उताणे झाले आणि पाय मारत काठाला लागले, असं ते सांगत. पुढं १९३५ मध्ये, शाळेच्या स्पर्धेत, १०० यार्ड बॅकस्ट्रोक त्यांनी ५९.८ सेकंदांत पार केलं. एका मिनिटाच्या आत हे अंतर कापणारा जगातला पहिला माणूस म्हणजे हा सोळा वर्षांचा मुलगा! दुसऱ्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक, १ मिनिट ५.९ सेकंदांत.

मग महायुद्ध आलं. १९४० आणि १९४४, दोन्ही ऑलिंपिक रद्द झाली. खेळाडूच्या भरातल्या वर्षांचा हिशेब कुणी देत नाही. १९४८ मध्ये लंडनला पुन्हा ऑलिंपिक भरलं, तेव्हा त्याच शर्यतीतल्या विजेत्याला १ मिनिट ६.४ सेकंद लागले. बारा वर्षांपूर्वीच्या कीफरपेक्षा जास्त! हा आकडा वाचला की मला आजही हळहळ वाटते.

कीफर मात्र कुढत बसले नाहीत. युद्धात ते अमेरिकेच्या आरमारात होते. जहाजांवरच्या कितीतरी पोरांना पोहताच येत नव्हतं. जहाज बुडालं की गोळी न लागताही ती मरत. त्यांना तरायला शिकवण्याचं काम कीफरनी अंगावर घेतलं आणि पोहणं शिकवणारे हजारो शिक्षक तयार केले. त्या शिकवण्यात उताणं पडून दम राखत हात मारणंही होतं. माझ्या लेखी हे काम बर्लिनच्या पदकापेक्षा मोठं आहे.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी शिकागोत स्वतःचा धंदा सुरू केला. तोवर पोहण्याचे कपडे लोकरीचे, सुती, नाहीतर रेशमी असत. लोकर आणि सूत पाणी पिऊन जड होई, रेशीम महाग पडे. कीफरनी नायलॉनचे कपडे बाजारात आणले. ते हलके होते आणि लवकर वाळत. स्वतः पाण्यात आयुष्य काढलेला माणूस विकायला बसला की असा फरक पडतो. गिऱ्हाइकाला काय टोचतं ते त्याला सांगावं लागत नाही.

शर्यतीच्या तलावात दोन रांगांमध्ये चकत्या ओवलेला दोर असतो ना, त्यातही त्यांचा हात आहे. शेजारच्याच्या हातापायांनी उठलेली लाट चकत्यांवर आदळते, चकत्या फिरतात आणि लाटेचा जोर तिथंच मोडतो. लाटा मोडणाऱ्या अशा दोराचं पेटंट कीफरनी साठच्या दशकात घेतलं. आज वेळा इतक्या खाली आल्या आहेत, त्यात या दोराचाही वाटा आहे.

नव्वदी उलटल्यावर चालणं अवघड झालं, तरी ते घरच्या तलावात उतरत आणि पोहत. पोहणं प्रत्येक मुलाला आलंच पाहिजे, हे ते शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिले.

नमस्कार.