डेर, डी, दास

[वडगावची गल्ली. यंत्रमाग.]

बेळगावच्या वडगावात माग सुरू झाले की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. त्याच आवाजात, या अरुंद जिन्यानं वर गेलं की संध्याकाळी जर्मनचा वर्ग भरतो. कुणाला नर्सिंगसाठी जायचंय, कुणाला पुढच्या शिक्षणासाठी. खानापूरहून येणाऱ्या मुलीनं शेवटच्या बसची वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलीय.

[फळा, जवळून.]

डेर, डी, दास: जर्मन नामांआधी लागणारे, लिंग सांगणारे तीन शब्द. मराठी मुलांना हे फारसं जड जात नाही; तो, ती, ते आपल्या तोंडात बसलेलंच आहे. गाडी अडते ती 'मेट्शेन'पाशी. मेट्शेन म्हणजे मुलगी, पण जर्मनमध्ये 'ती' नाही, 'ते'. मॅडम म्हणतात, "आपण नाही का म्हणत, ते पोरगं?" आणि वर्ग हसतो.

फळ्याशेजारचा हा फोटो अमेरिकेत जर्मन शिकवणारे प्राध्यापक गाय स्टर्न यांचा. घरचं नाव ग्युंटर. जन्म 14 जानेवारी 1922, जर्मनीतलं हिल्डेसहाइम. वडिलांचा कापडाचा छोटा व्यापार, म्हणून वडगावच्या मुलांना हा माणूस लगेच जवळचा वाटला. हिटलर आला आणि या ज्यू कुटुंबाशी गावानं बोलणं टाकलं. वडिलांनी मुलांना बजावलं, न दिसणाऱ्या शाईसारखे राहा. चांगले दिवस आले की उमटता येईल.

1937 मध्ये पंधरा वर्षांचा ग्युंटर एकटा अमेरिकेत, सेंट लुइसला, काकांकडे पोचला. काका बेकरीत कामाला. आई, वडील, भाऊ, बहीण मागे राहिले. त्यांना आणायचं तर पैसेवाला जामीनदार हवा, आणि काकांची कमाई पुरेशी नव्हती. पोरगा शाळा करून हॉटेलात उष्टी ताटं उचलायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, जामीन राहाल का? एक जण तयार झाला. दोघं वकिलाकडे गेले. वकिलानं त्या माणसाला धंदा विचारला. तो जुगारी निघाला. वकिलानं कागद पुढे पाठवायला साफ नकार दिला.

1942 मध्ये वॉर्सा घेट्टोतून, म्हणजे नाझींनी पोलंडमध्ये ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, घरचं शेवटचं पत्र आलं. त्यानंतर कुणीच राहिलं नाही.

[विद्यार्थ्यांचा प्रवेश. उसना ओव्हरकोट, पुठ्ठ्याची पदकं.]

हा प्रवेश मुलांनीच बसवलाय, आणि तो पूर्ण दाखवल्याशिवाय आम्हाला राहवलं नाही. अमेरिकी सैन्यानं स्टर्नना मेरीलँडमधल्या कॅम्प रिची इथं युद्धकैद्यांची चौकशी करायला शिकवलं. नॉर्मंडीत सैन्य उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तेही किनाऱ्यावर होते. जर्मन कैद्यांना सर्वांत जास्त भीती रशियाची. म्हणून स्टर्न रशियन गणवेश चढवून 'कमिसार क्रुकोव्ह', म्हणजे खोटा सोव्हिएत अधिकारी, व्हायचे. तंबूत स्टॅलिनचा फोटो, त्यावर मित्र क्रुकोव्हसाठी म्हणून खोटी सही. साथीदार फ्रेड हॉवर्ड मायेनं समजावणारा: बाबा रे, मला सांग, नाहीतर हा तुला सैबेरियाला नेईल. कैदी बोलायला लागायचा. जी भाषा बोलणाऱ्यांनी घराबाहेर काढलं, तीच भाषा त्यांच्या कामी आली. पुढे ब्राँझ स्टार हे अमेरिकी सैन्याचं पदक मिळालं.

[टाळ्या. मग शांतता. मागच्या बाकावरची मुलगी.]

प्रवेश संपल्यावर हिनं विचारलं, "मॅडम, ज्यांनी आईवडलांना मारलं त्यांचीच भाषा यांनी जन्मभर शिकवली कशी हो?"

हा प्रश्न बेळगावात विचारला गेला, म्हणून हा माहितीपट. आमच्या भागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो. 1956 पासूनचं दुखणं आहे. मराठीचा हक्क आम्ही मागतोय आणि मागत राहू. तरी या बाकावर बघा, कन्नड शाळेतून आलेला मुलगा मराठी मैत्रिणीच्या वहीतून विभक्ती उतरवून घेतोय.

स्टर्ननी काय केलं ते बघा. 10 मे 1933 ला नाझींच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. ज्यांची पुस्तकं जळली, ज्यांना देश सोडावा लागला, तेही जर्मनमध्येच लिहीत होते. हे निर्वासितांचं साहित्य स्टर्ननी आयुष्याचा विषय केला. 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, मग डेनिसन, सिनसिनाटी, मेरीलँड, आणि 1978 पासून डेट्रॉइटचं वेन स्टेट. सिनसिनाटीत लेसिंग सोसायटी उभी करण्यात त्यांचा हात होता. हा लेसिंग म्हणजे 1779 मध्ये एका शहाण्या ज्यू माणसाला नाटकाचा नायक करणारा जर्मन लेखक. हिटलरच्या दीडशे वर्षं आधीचा. जर्मन ही लेसिंगचीही भाषा होती, आणि स्टर्ननी ती हिटलरच्या नावावर करू दिली नाही.

पुढे ते जर्मनीतही पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवून आले. 2012 मध्ये हिल्डेसहाइमनं त्यांना सन्माननीय नागरिक केलं. 7 डिसेंबर 2023 ला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, ते गेले.

[वही, जवळून.]

खानापूरची मुलगी वही पुढे करते. 'माझं गाव', दहा ओळी, जर्मनमध्ये. गावाला जर्मन शब्द 'डोर्फ'. मॅडमचा लाल पेन एकाच जागी थांबतो. तिनं डेर लिहिलंय, हवं दास. ते गाव.