ज्वालामुखीच्या उबेवर जगणारे प्राणी

श्रोतेहो, नाशिककरांना ज्वालामुखी हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचाच आहे. हे सारे थर एका दमात आले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात माती तयार झाली, तळी साचली, त्यांत जीव नांदले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच एका मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे अश्मीभूत सांगाडे मोठ्या संख्येने सापडले आहेत. पण त्या बेडकांनी मिळालेली उसंत वापरली, एवढेच. आज मला बोलायचे आहे ते खुद्द ज्वालामुखीच्या उष्णतेवर आणि रसायनांवर ज्यांचा संसार चालतो, अशा प्राण्यांविषयी.

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटसमूहातील फर्नांडिना बेटावरच्या भूचर इग्वाना या मोठ्या सरड्यांच्या माद्या अंडी घालण्यासाठी सुमारे १५०० मीटर उंचीचा ज्वालामुखी चढून जातात, आणि काही तर कड्यावरून थेट विवराच्या तळाशी उतरतात, कारण तिथली ऊबदार राख अंडी उबवण्याचे काम परस्पर उरकते. टोंगातील निउआफोऊ बेटावरचा मलाऊ पक्षीही अंड्यांवर बसत नाही. गरम मातीत ती पुरून मोकळा होतो. सोय मोठी, जोखीमही तशीच. १९६८ साली फर्नांडिनाच्या विवराचा तळ काही भागात सुमारे ३५० मीटर खचला, तरी इग्वानांनी ती वाट सोडलेली नाही.

सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र आपल्याच हिंदी महासागरातले. कैरेई नावाच्या ठिकाणी, सुमारे २४०० मीटर खोलीवर, समुद्रतळाच्या भेगांतून गंधकयुक्त तप्त पाणी उसळते. तिथे २००१ साली पायावर खवले असलेली एक गोगलगाय सापडली. खवल्यांवर आणि शंखावर लोह-सल्फाइडचा, म्हणजे लोह व गंधक यांच्या संयुगाचा, थर. ‘लोखंडी चिलखत’ हे वर्णन ऐकायला झकास आहे, पण मला ते अपुरे वाटते. सॉलिटेअर या दुसऱ्या ठिकाणच्या पाण्यात लोह फारच कमी असल्याने तिथली याच प्रजातीची गोगलगाय पांढरी, बिनलोहाची आहे आणि तीही तिथे टिकून आहे. शरीरातले विषारी ठरणारे गंधक खवल्यांतील सूक्ष्म नलिकांवाटे बाहेर येते व पाण्यातील लोहाशी संयोग पावते, असे नंतरच्या संशोधनात दिसले. म्हणजे हा थर बऱ्याच अंशी विषाच्या निचऱ्याचा भाग असावा.

तिचे खाणेही निराळेच. अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथीत ती जिवाणू बाळगते आणि रासायनिक ऊर्जेवर त्यांनी बनवलेल्या अन्नावर जगते. या बिऱ्हाडकरूंना प्राणवायू पुरवायचा, म्हणून हृदय एवढे मोठे की शरीराच्या आकारमानाचा सुमारे ४ टक्के भाग त्यानेच व्यापलेला असतो.

अशी वस्ती भेगांभोवतीच्या लहानशा टापूत असते. झरा आटला की ती संपते. त्यात याच भेगांभोवती तांबे, जस्त अशा धातूंचे साठे साचतात. खोल समुद्रातील संभाव्य खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ साली ही गोगलगाय आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. भारतानेही २०१६ साली हिंदी महासागराच्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा सल्फाइड साठ्यांच्या शोधासाठी करार केला आहे. तेव्हा कोणत्या भेगेभोवती काय राहते, याची पाहणी खाणकामाची यंत्रे खाली उतरण्याआधी पुरी व्हावी, अशी मागणी आपल्याकडच्या जीवशास्त्रज्ञांनी आताच लावून धरायला हवी.